सत्तरच्या दशकातल्या टीव्ही कार्यक्रमांतली पॉप गाणी रेकॉर्डशी का जुळत नाहीत? ती नीट कशी जमवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘द पार्ट्रिज फॅमिली’ (गाणाऱ्या कुटुंबावरची अमेरिकी विनोदी मालिका), ‘टॉप ऑफ द पॉप्स’ (बीबीसीचा गाजलेल्या गाण्यांचा कार्यक्रम), ‘सोल ट्रेन’ (अमेरिकेतला गाण्या-नाचाचा कार्यक्रम) अशा कार्यक्रमांतली गाणी तुम्ही जमवताय. पण कार्यक्रमातलं गाणं आणि अल्बममधलं गाणं ताडून पाहिलं, तर कुठे सूर चढा लागतो, कुठे कडवं गायब असतं, तर कुठे गाणाराच वेगळा वाटतो.

तुमचे कान शाबूत आहेत. या गाण्यांच्या बऱ्याचदा तीन आवृत्त्या असतात: रेकॉर्डसाठी ध्वनिमुद्रित केलेली, कार्यक्रमासाठी केलेली आणि पुढे डीव्हीडी काढताना हात फिरवलेली. आपल्याला कोणती हवी ते आधी ठरवा आणि मगच पैसे घाला. मूळ कार्यक्रम फिल्मवर होता की व्हिडिओ टेपवर, एवढं कळलं तरी निम्मा घोळ सुटतो.

आधी चढ्या सुराचं बघू. पार्ट्रिज फॅमिली (एबीसी वाहिनी, सप्टेंबर १९७० ते मार्च १९७४, एकूण ९६ भाग) फिल्मवर चित्रित झाली, सेकंदाला २४ चौकटींनी (फ्रेमनी). अमेरिकेच्या एनटीएससी या टीव्ही पद्धतीत ती जवळजवळ मूळ वेगानेच दिसते. फरक हजारात एकाचा, तो कानाला कळत नाही. ब्रिटनच्या आणि आपल्याकडच्या पाल पद्धतीत मात्र सेकंदाला २५ चौकटी लागतात, म्हणून फिल्म सरळ २५ च्या वेगाने पळवतात. चित्र ४ टक्क्यांनी पुढे पळालेलं डोळ्याला खटकत नाही, पण आवाज साधारण ०.७ अर्धस्वराने वर चढतो. पेटी घेऊन बसलात तर लगेच कळेल. रेकॉर्डवर षड्ज पांढरी एकला लागत असेल, तर पाल डीव्हीडीवर तो काळी एकच्या जरा अलीकडे अडकतो आणि कुठल्याच पट्टीवर धड बसत नाही. लांबीतही फरक पडतो: १८० सेकंदांचं गाणं १७२.८ सेकंदांत संपतं.

दुरुस्ती सोपी आहे, पण चुकीचं बटण दाबलं की बिघडते. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये ‘चेंज स्पीड अँड पिच’ उघडा आणि टक्क्यांच्या रकान्यात उणे ४ टाका (गुणक ०.९६०). ‘चेंज टेम्पो’ वापरू नका. त्याने लांबी मूळ पदावर येते, सूर मात्र चढाच राहतो. काही पाल डीव्हीडींवर कंपनीने सूर आधीच खाली आणलेला असतो. तिथे पेटीवर सूर बरोबर लागतो, पण गाणं ४ टक्क्यांनी आखूड भरतं. तेवढ्याच बाबतीत ‘चेंज टेम्पो’ उणे ४ करा. म्हणजे सूर आणि लांबी दोन्ही तपासल्याशिवाय फाइलला हात लावायचा नाही. त्यापेक्षा सरळ अमेरिकेची रीजन १ ची डीव्हीडी मिळवलीत तर ही सगळी कटकट टळते.

सोल ट्रेन किंवा ‘द मिडनाइट स्पेशल’ (हाही अमेरिकी संगीत कार्यक्रम) यांना हा उपाय लावू नका. ते व्हिडिओ टेपवर मुद्रित झालेले कार्यक्रम. एनटीएससीतून पालमध्ये नेताना त्यांच्या चौकटी नव्याने बनवाव्या लागतात, त्यामुळे हालचालीला किंचित हिसका येतो, पण लांबी आणि सूर दोन्ही मूळचेच राहतात. अशा फाइलचा वेग ४ टक्क्यांनी उतरवून, वर ‘सुधारित’ म्हणून चढवणारे महाभाग इंटरनेटवर भरपूर आहेत.

आता गाणाऱ्याबद्दल. पार्ट्रिज कुटुंबातल्या कलाकारांपैकी रेकॉर्डवर आवाज फक्त दोघांचे, डेव्हिड कॅसिडी आणि शर्ली जोन्स (प्रत्यक्षात ती त्याची सावत्र आई). वाद्यं वाजवणारे हॉलिवुडचे नावाजलेले स्टुडिओ वादक होते: ड्रमवर हाल ब्लेन, बासवर जो ऑस्बर्न, की-बोर्डवर लॅरी नेक्टेल. मागचा कोरस जॉन आणि टॉम बाहलर, रॉन हिकलिन, जॅकी वॉर्ड यांचा. पहिल्या भागातल्या गाण्यांत तर कॅसिडीचा आवाजच नाही, कारण तो गाऊ शकतो हे निर्मात्यांच्या ध्यानात यायच्या आधीच ती तयार होती. त्यामुळे ‘हा कॅसिडी वाटत नाही’ असं तुम्हाला वाटलं असेल तर ते बरोबरच आहे. शिवाय त्याचा आवाज आणखी कोवळा वाटावा म्हणून वेस फॅरेल या निर्मात्याने सुरुवातीच्या काही गाण्यांच्या टेप जरा जलद करून रेकॉर्डवर घेतल्या. म्हणजे तुलनेसाठी धरलेली रेकॉर्डही दर वेळी पट्टीवर चोख बसेल असं नाही. ताडून पाहताना प्रमाण म्हणून रेकॉर्ड धरा, पेटी फक्त मापाला.

शीर्षकगीतातही अशीच गंमत आहे. चाल तीच, पण पहिल्या हंगामातले शब्द वेगळे आणि दुसऱ्या हंगामापासूनचे वेगळे. लोकांच्या तोंडी बसलेलं ‘कमॉन गेट हॅपी’ हे दुसरं. कडवी गायब होण्याचं कारण मात्र साधं आहे. अर्ध्या तासाच्या मालिकेत जाहिराती वजा जाता पंचवीसेक मिनिटं उरायची, म्हणून गाणं कापूनच घालायचे.

टॉप ऑफ द पॉप्सचं प्रकरण वेगळं, आणि माझ्या मते जास्त रसाळ. आपल्या सिनेमात चालतं तसं रेकॉर्ड लावून नुसते ओठ हलवायला ब्रिटनच्या म्युझिशियन्स युनियनचा विरोध होता. कलाकाराने कार्यक्रमासाठी साथसंगत नव्याने वाजवून मुद्रित करायची, असा नियम होता. महिनाभर स्टुडिओत बसून रचलेलं गाणं तीन तासांत पुन्हा कसं उभं करणार? मग युनियनच्या माणसाला जरा बाहेर न्यायचं आणि तेवढ्यात मूळ टेप पुढे सरकवायची, हे त्या धंद्यातलं उघड गुपित होतं. एकट्याने येणारे गायक मात्र बरेचदा जॉनी पिअरसनच्या वाद्यवृंदासोबत खरोखर गात, आणि मागे लेडीबर्ड्स या गायिकांच्या गटाचा कोरस असे. तिथे लय थोडी पुढेमागे होते, ब्रास उठून दिसतो. जमवायचं असेल तर हेच जमवा, कारण ते कुठल्याही रेकॉर्डवर मिळत नाही.

नवीन मुद्रण की जुनीच टेप, हे ओळखायची रीत सांगतो. कार्यक्रमाची क्लिप आणि रेकॉर्ड दोन ट्रॅकवर घ्या. दोन्ही मोनो करा, लांबी सारखी करून घ्या आणि पहिला ड्रमचा ठोका वर-खाली नेमका जुळवा. मग शेवटच्या कडव्यातला ठोका बघा. तिथेही तो तंतोतंत जुळला तर वाजतेय ती रेकॉर्डच. अर्धापाव सेकंद पुढेमागे वाहवला आणि मधले ठोकेही कुठे आधी, कुठे नंतर पडत असतील, तर ते नव्याने वाजवलेलं आहे. फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच दराने वाढत गेला असेल, तर तो वादकांचा नसून टेपच्या वेगाचा आहे.

याच नावाचा एक सापळाही सांगून ठेवतो. ‘टॉप ऑफ द पॉप्स’ असं छापलेल्या आणि वर एखाद्या मॉडेलचा फोटो असलेल्या स्वस्त एलपी ढिगाने मिळतात. त्या हॉलमार्क कंपनीच्या आहेत. १९६८ ते १९८५ या काळात त्या निघत राहिल्या आणि बीबीसीच्या कार्यक्रमाशी त्यांचा काडीचाही संबंध नाही. आतली गाणी निनावी स्टुडिओ गायकांनी हुबेहूब नक्कल करून म्हटलेली. १९७१ मध्ये काही काळ स्वस्त रेकॉर्डना ब्रिटनच्या खपाच्या मुख्य यादीत जागा दिली होती, तेव्हा यातल्या दोन चक्क पहिल्या क्रमांकावर गेल्या. एल्टन जॉनसुद्धा नाव होण्याआधी अशा नकलेच्या रेकॉर्डवर गायलाय. गंमत म्हणून घ्यायला हरकत नाही, पण मूळ कलाकार समजून पैसे मोजू नका. के-टेल कंपनीच्या ‘वीस हिट गाणी’ छापाच्या एलपींवर कलाकार खरे असतात, पण एका बाजूला दहा गाणी कोंबायची म्हणून ती कापलेली असतात. खाचा दाट असल्याने आवाजही बारीक, त्यामुळे खरखर जास्त ऐकू येते.

मूळ भाग शोधायला निघालात तर निराशेची तयारी ठेवा. दोन इंची टेप महाग होती, म्हणून बीबीसी त्या पुसून पुन्हा वापरायची. १९७६ च्या आधीचे बहुतेक भाग असेच गेले. पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला फरोख बल्सारा, म्हणजे फ्रेडी मर्क्युरी, क्वीनबरोबर फेब्रुवारी १९७४ मध्ये या कार्यक्रमात पहिल्यांदा दिसला. तो भागही पुसला गेला. कुणीतरी घरच्या व्हिडिओ रेकॉर्डरवर घेतलेला त्याचा तुकडा २०१९ मध्ये वर आला. जानेवारी १९७३ मधलं डेव्हिड बोवीचं ‘द जीन जिनी’ तर कॅमेरामन जॉन हेन्शॉलने स्वतःसाठी एक प्रत करून ठेवली होती म्हणून वाचलं, आणि ते जगापुढे आलं २०११ मध्ये. बीबीसी फोरने २०११ पासून जुने भाग क्रमाने दाखवायला घेतले, ते १९७६ पासूनच. त्यातही निवेदक जिमी सॅव्हिलचे लैंगिक अत्याचार मृत्यूनंतर उघड झाल्याने, २०१२ नंतर त्याने सादर केलेले भाग वगळले गेले. संग्रहात मध्येच आठवडे गायब दिसले तर दर वेळी टेप हरवली असं समजू नका.

सोल ट्रेनवर बहुतेक जण रेकॉर्डवर ओठ हलवायचे. आवाजासाठी तो जमवण्यात फारसा अर्थ नाही, नाच आणि कपडे बघायला जमवा. मिडनाइट स्पेशलवर मात्र गाणी बहुधा प्रत्यक्ष व्हायची. त्याचं अधिकृत यूट्यूब चॅनल आहे, आधी तिथेच बघा.

१९७८ मध्ये सुरू झालेली ‘डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी’ ही मालिका तुमच्या यादीत असेल तर कोणती डीव्हीडी घेताय ते नीट बघून घ्या. रेडिओ स्टेशनवरची मालिका, त्यामुळे खरी गाजलेली गाणी तिचा प्राण. पण परवाने मर्यादित काळाचे होते. ते संपल्यावर पुढच्या प्रक्षेपणांत आणि २००७ च्या डीव्हीडीत कितीतरी गाण्यांच्या जागी भाडोत्री संगीत भरलं. शाउट फॅक्टरीच्या २०१४ च्या संचात बहुतेक मूळ गाणी परत आली. घ्यायचा तर तो घ्या.

‘स्टिरिओ’ लिहिलेल्या फाइलींवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका. सत्तरच्या दशकात टीव्हीचा आवाज घरी मोनोच पोचायचा. अमेरिकेत स्टिरिओ टीव्ही आला तोच १९८४ मध्ये. तपासायला ट्रॅकचे दोन चॅनल वेगळे करा, एकाला ‘इन्व्हर्ट’ द्या आणि दोन्ही एकत्र मिसळा. शांतता पसरली तर फाइल निव्वळ मोनो. मधला गायकाचा आवाज नाहीसा होऊन फक्त बाजूची वाद्यं उरली, तर कुणीतरी चित्रावर रेकॉर्डचा आवाज चढवलेला असण्याची दाट शक्यता. खरा अपवाद म्हणजे रेडिओवर जोडीने प्रसारित झालेले कार्यक्रम. बीबीसीचा ‘साइट अँड साउंड इन कॉन्सर्ट’ १९७७ पासून टीव्हीबरोबर रेडिओ १ वर स्टिरिओत लागायचा. त्याची एफएमवरून घेतलेली टेप मिळाली तर सोडू नका.

राहिल्या घरच्या कॅसेट, म्हणजे परदेशातल्या नातेवाइकांनी टीव्हीसमोर माइक धरून भरलेल्या. वाजवण्याआधी कॅसेटमधली स्पंजची छोटी गादी जागेवर आहे का बघा. ती गळली असेल तर आवाज दबका येतो. मग एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या. टेपला टेकणाऱ्या हेडचा कोन ठरवणारा, त्याच्या शेजारचा अ‍ॅझिमथचा स्क्रू, आवाज मोनोवर ठेवून, ‘स’ आणि झांजा सर्वांत स्वच्छ लागतील तिथवर हळूहळू फिरवा. फाइल २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ वेव्ह, सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास.

वेग बरोबर आहे का हे विजेच्या गुणगुणीवरून कळतं. गाणं सुरू होण्याआधीचा शांत तुकडा निवडा आणि ‘प्लॉट स्पेक्ट्रम’ उघडा. ही गुणगुण विजेच्या वारंवारतेच्या दुप्पट असते: ब्रिटनमध्ये भरलेल्या कॅसेटवर (वीज ५० हर्ट्झ) १०० हर्ट्झला शिखर दिसायला हवं, अमेरिकेतल्यावर (६० हर्ट्झ) १२० ला. ब्रिटनच्या कॅसेटवर ते १०३ ला दिसलं तर टेप ३ टक्के जलद धावतेय, म्हणून गुणक ०.९७१. मात्र आधी टेप थांबवून नुसत्या वायरीचं रेकॉर्डिंग करून बघा. तरीही गुणगुण राहिली तर ती तुमच्या घरची आहे, जुनी नव्हे. आणि भारतात भरलेल्या कॅसेटला हे माप लावू नका. आपल्या ग्रिडची वारंवारता त्या काळी ५० च्या बरीच खालीवर व्हायची.

व्हीएचएसवर काम करणार असाल तर दोन गोष्टी. अमेरिकेतून आलेली टेप एनटीएससी असते, तिला मल्टिसिस्टिम व्हीसीआर लागतो, नाहीतर चित्र काळंपांढरं होऊन गडगडतं. आणि मुंबई-कोकणच्या दमट हवेत राहिलेल्या टेपवर कॅसेटच्या खिडकीतून पांढरी बुरशी दिसली तर ती चुकूनही मशीनमध्ये घालू नका. हेड भरतं आणि तीच बुरशी पुढच्या चांगल्या टेपला लागते. अशी टेप वेगळ्या पिशवीत बंद करून सफाई करणाऱ्याकडे द्या.

प्रत्येक फाइलच्या नावात कार्यक्रम, प्रसारणाची तारीख, कशावरून घेतली (रीजन १ डीव्हीडी, पाल डीव्हीडी, कॅसेट) आणि वेगात काय बदल केला ते लिहा. न बदललेली मूळ फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये तशीच ठेवा. एकदा ४ टक्के उतरवलेल्या फाइलवर पुन्हा ४ टक्के उतरवले जाण्याचे प्रकार, नाव धड न लिहिल्यामुळेच होतात.