वाचकांचे प्रश्न : युरोपातील कायद्याच्या दोन वाटा

प्रश्न (एक वाचक, सावंतवाडी) : आमच्या दिवंगत मावशी मूळच्या गोव्याच्या आणि अखेरपर्यंत तिथेच राहिल्या. त्यांच्या म्हापशाच्या घराच्या वारसाहक्काचे काम सुरू आहे. थोडी जमीन सावंतवाडीतही आहे. तेथील वकील म्हणाले की गोव्याचा वारसाकायदा रोमन परंपरेतला आहे आणि बाकी भारतात इंग्रजी परंपरा चालते. युरोपात या दोन परंपरा वेगळ्या कधी झाल्या आणि कशामुळे? एकीकडे लिखित कायदा आणि दुसरीकडे अलिखित, एवढाच हा भेद आहे का?

उत्तर : लिखित आणि अलिखित हा भेद पाठ्यपुस्तकांत सोयीसाठी दिलेला असतो, पण त्याने फारसे काही उलगडत नाही. इंग्लंडमध्ये तेराव्या शतकापासून लेखी अधिनियम आहेत, तर फ्रान्सच्या उत्तर भागात पंधराव्या शतकापर्यंत बहुतांश व्यवहार स्थानिक रूढींवर चालत असत. त्या रूढी लिहून काढण्याचा आदेश राजाने १४५४ मध्ये दिला. माझ्या मते कायदा कोणाच्या हातात वाढला हा खरा प्रश्न आहे. युरोपच्या मुख्य भूमीवर तो विद्यापीठांतील अध्यापकांच्या हातात वाढला आणि इंग्लंडमध्ये राजाच्या न्यायालयांत रोज उभे राहणाऱ्या वकिलांच्या व न्यायाधीशांच्या हातात.

मुख्य भूमीवरील परंपरेचे मूळ सहाव्या शतकातील कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या राजधानीत आहे. सम्राट जस्टिनियन याच्या आज्ञेवरून ट्रिबोनियन व त्याच्या सहकाऱ्यांनी जुन्या रोमन कायदेपंडितांच्या लिखाणातून उतारे निवडून ५० खंडांचा ‘डायजेस्ट’ हा संग्रह सिद्ध केला आणि तो ५३३ मध्ये जारी झाला. पश्चिम युरोपात पुढे कित्येक शतके हा ग्रंथ जवळजवळ विस्मृतीत गेला होता. अकराव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील बोलोन्या येथे इर्नेरियस व त्याच्या शिष्यांनी तो पुन्हा अभ्यासाला घेतला आणि ओळीओळीवर टिपा लिहिण्याची पद्धत पाडली. तेराव्या शतकात अक्कुर्सियसने या टिपांचा जो संग्रह केला, त्यात ९० हजारांहून अधिक टिपा आहेत. युरोपभरातून विद्यार्थी बोलोन्याला येत आणि परत जाऊन राजांचे सल्लागार, बिशपांचे अधिकारी किंवा न्यायाधीश होत, त्यामुळे एकाच पद्धतीने विचार करणारा कायदेपंडितांचा वर्ग देशोदेशी तयार झाला. जर्मन प्रदेशात बलवान मध्यवर्ती न्यायालय नव्हते. १४९५ मध्ये तेथील पवित्र रोमन साम्राज्याचे वरिष्ठ न्यायालय स्थापन झाले, तेव्हा निम्मे न्यायाधीश रोमन कायद्याचे पदवीधर असावेत असे ठरले.

इंग्लंडमध्ये ही विद्या पोहोचलीच नाही असे मात्र नाही. ऑक्सफर्ड व केंब्रिज येथे रोमन कायदाच शिकवला जात असे, आणि इंग्रजी कायद्यावर ऑक्सफर्डमध्ये व्याख्याने सुरू झाली ती कायदेपंडित ब्लॅकस्टोन यांच्या काळात, १७५३ मध्ये. पण दुसऱ्या हेन्रीने (११५४ ते ११८९) राजाची न्यायालये इतकी लवकर आणि इतकी घट्ट उभी केली होती की बाहेरची तयार पद्धत स्वीकारण्याची गरजच उरली नाही. फिर्यादीला राजाच्या कचेरीतून ठरावीक मजकुराचे आज्ञापत्र, म्हणजे रिट, मिळवावे लागे आणि दाव्याची सगळी रीत त्या रिटवरून ठरे. त्यात न बसणारी तक्रार पुष्कळदा दाराबाहेरच राही. हा ताठरपणा पुढे चान्सलरच्या, म्हणजे राजाच्या प्रमुख मंत्र्याच्या, न्यायालयाने बराच सैल केला. वकिलांचे शिक्षण विद्यापीठात होत नसे. लंडनच्या ‘इन्स ऑफ कोर्ट’ या वकिलांच्या संस्थांमध्ये ज्येष्ठांच्या सहवासात ते होई.

वाटा निर्णायकपणे कुठे फुटल्या हे एकाच वर्षावर बोट ठेवून सांगायचे झाले, तर मी १२१५ हे वर्ष सांगेन. मात्र राजाच्या सत्तेला मर्यादा घालणाऱ्या त्याच वर्षीच्या मॅग्ना कार्टा या सनदेमुळे नव्हे. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये पोप तिसरा इनोसंट याने रोममध्ये भरवलेल्या धर्मपरिषदेने ‘दिव्य’ या विधीत भाग घेण्यास पाद्र्यांना मनाई केली. तापलेले लोखंड हातात धरायला लावून किंवा पाण्यात टाकून आरोपीचा खरेखोटेपणा ठरवण्याची रीत तेव्हा युरोपभर होती. मराठी वाचकांना दिव्याचे असे उल्लेख मराठेशाहीच्या कागदपत्रांतून परिचित असतील. धर्मगुरूच्या आशीर्वादाशिवाय दिव्याला अर्थ उरत नव्हता, म्हणून सत्य ठरवण्याचा दुसरा मार्ग शोधणे भाग पडले. इंग्लंडमध्ये गावातील बारा शेजाऱ्यांना शपथ घालून विचारण्याची रीत पूर्वीपासून होती, तीच गुन्ह्याच्या निवाड्यासाठी वापरात आली आणि ज्यूरी रूढ झाली. मुख्य भूमीवर रोमन व चर्चच्या कायद्यातून आलेली पद्धत बसली, जिच्यात न्यायाधीश स्वतः चौकशी करतो, जबान्या लिहून घेतो आणि गंभीर गुन्ह्यात दोन प्रत्यक्षदर्शी साक्षीदार किंवा आरोपीची कबुली यांशिवाय शिक्षा देत नाही. पुराव्याची ही कसोटी आरोपीच्या रक्षणासाठीच कडक ठेवलेली होती, पण दोन साक्षीदार सहसा मिळत नसत. त्यामुळे कबुलीसाठी छळ करण्यास न्यायालयीन मान्यता मिळाली आणि ती अनेक देशांत अठराव्या शतकापर्यंत टिकली. कायद्याच्या इतिहासातील इतकी वेदनादायक गोष्ट क्वचितच सापडेल.

प्रश्न (एक विद्यार्थिनी, पुणे) : फ्रान्सची १८०४ ची नागरी कायद्याची संहिता नेपोलियनने स्वतः लिहिली का? आणि तेथे न्यायाधीश कायदा घडवत नाहीत, हे खरे आहे का?

उत्तर : मसुदा पोर्तालिस, त्राँशे, बिगो द प्रेआमन्यू आणि मालव्हिल या चार कायदेपंडितांनी केला. नेपोलियनने चर्चेच्या अनेक बैठकांचे अध्यक्षपद भूषवले आणि ते काम तडीस नेले. २,२८१ कलमांच्या या संहितेने मुलांना जन्मक्रम न पाहता वारसाहक्कात समान केले, पण पत्नीने पतीच्या आज्ञेत राहावे असेही लिहिले, आणि ते कलम १९३८ पर्यंत राहिले.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाबाबत कलम ४ व ५ एकत्र वाचावीत. कलम ५ न्यायाधीशाला सर्वसाधारण नियम घालून देण्यास मनाई करते. कलम ४ म्हणते की कायदा मूक किंवा अस्पष्ट आहे या सबबीवर त्याला निवाडा नाकारता येणार नाही. म्हणजे जागा मोकळी असली तरी ती भरावीच लागते. दुसऱ्याच्या चुकीमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई या विषयावर मूळ संहितेत अवघी पाच कलमे होती. कारखाने, रेल्वे आणि मोटारींच्या अपघातांना ती लावता लावता फ्रेंच न्यायालयांनी या विषयाचा बहुतांश कायदा स्वतः उभा केला. तेव्हा तत्त्व एक आणि व्यवहार दुसरा, असे आपण उत्तरपत्रिकेत निःसंकोच लिहावे.

सावंतवाडीच्या वाचकांच्या मूळ अडचणीविषयी थोडे राहिले. फ्रेंच संहितेचा मोठा प्रभाव असलेली पोर्तुगालची संहिता सेआब्रा यांनी तयार केली, ती १८६७ मध्ये मंजूर झाली आणि १८७० पासून गोव्यात लागू झाली. पोर्तुगालने १९६६ मध्ये ती बदलली, पण गोवा १९६१ मध्येच मुक्त झाला असल्याने तेथे जुनी संहिता चालू राहिली. वारसाहक्काचे तिचे नियम आता गोव्याच्या २०१२ च्या कायद्यात आले आहेत. लग्नाच्या वेळी वेगळा करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते, आणि मुले किंवा आईवडील हयात असल्यास मृत्युपत्राने आपल्या निम्म्याच हिश्श्याची विल्हेवाट लावता येते. सावंतवाडीतील जमिनीबाबत वकिलांना सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल जरूर दाखवावा. मूळ रहिवासाने गोव्याच्या असलेल्या व्यक्तीची भारतातील मालमत्ता गोव्याबाहेर असली, तरी तिच्या वारसाहक्काला गोव्याचाच कायदा लागू होतो, असे त्यात स्पष्ट केले आहे.