प्रॅक्टिस जोरात चाललीय, मग पैसे का पुरत नाहीत आणि स्टाफ नाराज का?

ग्रुप प्रॅक्टिस चालवणारे डॉक्टर माझ्याकडे येतात तेव्हा शब्द वेगवेगळे असतात पण काळजी बहुतेक वेळा एकच, की पेशंट भरपूर आहेत, आम्ही सगळे सकाळपासून रात्रीपर्यंत राबतोय, तरी महिनाअखेरीला ओढाताण आहेच आणि वर स्टाफ मन लावून काम करत नाही, आज एक सोडून जाते उद्या दुसरी. मग विचारतात, "पगार वाढवू का? बोनस सुरू करू का? पण आणायचे कुठून?" एका ओळीत उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून एक केस सांगते. संबंधितांची परवानगी घेतलीय, आणि ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत.

४ डॉक्टरांचं क्लिनिक. सीनियर सरांनी एकट्याने सुरू केलेलं, नंतर एकेक करत तिघं पार्टनर झाले. त्यातल्या एक मॅडम माझ्याकडे आल्या त्या खरंतर स्वतःच्या त्रासासाठी. झोप लागत नव्हती, चिडचिड वाढलेली, पेशंट समोर बसलेला असताना डोक्यात कुठल्यातरी थकलेल्या बिलाचा विचार. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या केली तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही, कामाच्या ठिकाणच्या न हाताळलेल्या ताणातून येणारी अवस्था म्हटलं, आणि तीन खुणा सांगितल्या: प्रचंड थकवा, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. मॅडमना तिन्ही होतं. पण बोलता बोलता लक्षात आलं की पेशंट तपासून त्या थकत नव्हत्या, त्यांना पोटात गोळा यायचा तो पार्टनर्सच्या मीटिंगच्या आदल्या रात्री.

मी विचारलं, तुमच्यात पैशाची वाटणी कशी होते? म्हणाल्या, "ज्याने जितकं कमावलं तितकं त्याचं, खर्च चौघांत सारखा." ऐकायला एकदम सरळ वाटतं ना? पण नीट बघा. मॅडमकडे जुनाट आजारांचे पेशंट जास्त, एकेकाला वेळ द्यावा लागतो, औषधं बदलायची, घरच्यांशी बोलायचं, त्यामुळे दिवसाला पेशंट कमी. दुसऱ्या एका डॉक्टरांकडे छोट्या प्रोसिजर जास्त, सामान जास्त लागतं, सिस्टर जास्त वेळ अडकतात, कमाईही जास्त. खर्च मात्र दोघांना सारखाच. म्हणजे मॅडम नकळत त्यांच्या हातमोज्यांचे आणि ड्रेसिंगचे पैसे भरत होत्या. तिकडे त्या डॉक्टरांना वाटत होतं की आपणच सगळं क्लिनिक ओढतोय. दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक होते, आणि दोघंही वर्षानुवर्षं यावर एक शब्द बोलले नव्हते, कारण डॉक्टरने पैशाचं बोलणं बरं दिसत नाही असं आपल्या मनात घट्ट बसलेलं असतं.

स्टाफचा प्रश्न मला वेगळा दिसायला लागला तो इथून. परवानगी घेऊन मी एक दिवस रिसेप्शनच्या कोपऱ्यात बसले. काउंटरवरच्या ताईसमोर एक पेशंट बिल द्यायला उभा, फोन वाजतोय, तेवढ्यात इंटरकॉमवरून एका डॉक्टरांचा आवाज, "माझा पुढचा पेशंट अजून आत का नाही?" आणि लगेच दुसऱ्यांचा, "सिस्टरला आधी इकडे पाठव." मग ड्रेसिंग करून एक जण बाहेर आला, मागोमाग आतून निरोप, "राहू दे गं, ओळखीचे आहेत." ताईने रजिस्टरमध्ये त्या नावापुढे रकमेच्या जागी पेन्सिलने छोटासा 'रा' लिहिला. मी विचारलं हे काय, तर म्हणाली, "राहू दे." तिने मागची पानं उलटून दाखवली, प्रत्येक पानावर असे 'रा' होते, कुठे दोन, कुठे पाच. आणि महिन्याच्या शेवटी कलेक्शन कमी का म्हणून बोलणी तीच खायची. ज्यांनी सोडून द्यायला सांगितलं तेच विचारायचे. ती मला म्हणाली, "मॅडम, मी नेमकी कुणाकडे नोकरी करते तेच मला कळत नाही. चौघांनाही वाटतं मी दुसऱ्यांचंच काम करते."

आता या मुलीला बोनस देऊन काय होणार होतं सांगा?

तिच्या शेजारच्या ड्रॉवरमध्ये इन्शुरन्सकडून परत आलेल्या क्लेम्सचा गठ्ठा होता. कुठे एक सही राहिलेली, कुठे कोड चुकलेला, कुठे एक रिपोर्ट जोडलेला नाही. प्रत्येक दुरुस्ती पाच-दहा मिनिटांची, पण ते काम कुणाचं हे कधी ठरलंच नव्हतं. रिसेप्शनला वाटायचं डॉक्टर सही करतील, डॉक्टरांना वाटायचं अकाउंट्स बघतंय, आणि परत पाठवायची मुदत टळली की केलेल्या कामाचे पैसे कायमचे गेले.

पैशाबद्दल इथे थोडं थांबते, कारण "अकाउंटंट म्हणतात नफा आहे, मग बँकेत पैसे का नाहीत" हे वाक्य मी खूपदा ऐकते आणि त्या गोंधळानेच पार्टनर एकमेकांवर संशय घ्यायला लागतात. नफा आणि हातातले पैसे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिशोब बिल केल्याच्या तारखेला धरला तर बिल केलं की नफ्यात दिसतं, पैसे मात्र दोन-दोन महिन्यांनी येतात. मशीनच्या कर्जाचा हप्ता भरला तर त्यातलं व्याज खर्चात धरलं जातं, मुद्दल धरलं जात नाही, पण खात्यातून तर दोन्ही जातं. पार्टनर घरखर्चाला उचल घेतात, तीही खर्च म्हणून दिसत नाही. टॅक्स आधी बाजूला काढून ठेवला नाही की तो एकदम अंगावर येतो. यात कुणी चोरी केलेली नसते, तरी चौघं एकमेकांकडे तशा नजरेने बघायला लागतात, आणि स्टाफ हे सगळं बघत असतो.

थकबाकीचा एक साधा हिशोब प्रत्येक ग्रुपने करून बघावा. मागच्या ९० दिवसांत समजा ९०० ची बिलं झाली, म्हणजे दिवसाला १०. येणं बाकी ६०० असेल तर भागाकार करा, ६० दिवस. याचा अर्थ आजच्या कामाचे पैसे साधारण दोन महिन्यांनी हातात पडतात, आणि पगार, भाडं, वीज मात्र दर महिन्याला द्यायचंच. हा आकडा दर महिन्याला भिंतीवर लावला तरी बरंच कळतं, एकूण कलेक्शन किती झालं यापेक्षा मला तो जास्त बोलका वाटतो. या क्लिनिकमध्ये तो कुणी कधी काढलेलाच नव्हता.

मग चौघांना एकत्र बसवलं. तेही लगेच नाही, आधी प्रत्येकाशी वेगळं बोलले आणि प्रत्येकाकडून कागदावर दोनच गोष्टी लिहून घेतल्या, तुमच्या मते न्याय्य वाटणी कोणती आणि पैशाबाबत तुम्हाला भीती कसली वाटते. पहिल्या प्रश्नाची उत्तरं चार टोकांची होती, ती असणारच. दुसऱ्या प्रश्नाला मात्र सीनियर सरांनी लिहिलं होतं की मी काम कमी केलं की हे लोक मला विसरतील. सगळ्यात तरुण डॉक्टरांनी लिहिलं होतं की मी कर्ज काढून पार्टनर झालोय आणि सरांनी ठरवलेलं मला कधीच बदलता येणार नाही. मॅडमनी लिहिलं, मी कमी कमावते म्हणून माझं मत कमी मोजतात. हे कागद एकमेकांना वाचून दाखवल्यावर खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही, आणि मग सर मॅडमना म्हणाले, "अगं, तुझ्यामुळे तर हे पेशंट वर्षानुवर्षं टिकून आहेत, ते मला माहीत आहे." मला विचाराल तर त्या वाक्यानंतरच हिशोबाला हात घालणं शक्य झालं. वाटणीची सूत्रं ढीगभर मिळतात हो, पण मनात अपमान साठलेला असताना कुठलंच सूत्र पटत नाही.

त्यांनी अकाउंटंटबरोबर बसून पैशाचे तीन कप्पे केले. स्वतः पेशंट तपासल्याचा मोबदला वेगळा. मालक म्हणून नफ्यातला वाटा वेगळा. आणि क्लिनिक चालवण्याच्या कामाचा, म्हणजे हिशोब बघणं, माणसं घेणं, तक्रारी निस्तरणं, याचा मोबदलाही वेगळा, जो आधी कुणालाच मिळत नव्हता आणि म्हणून ते काम कुणी मनापासून करतही नव्हतं. खर्चाचेही दोन भाग केले. भाडं, पगार, सॉफ्टवेअर असे जे कुणी सुट्टीवर असलं तरी थांबत नाहीत ते चौघांत सारखे, आणि सामान, प्रोसिजरचा खर्च ज्याच्या वापराचा त्याच्याकडे. सगळ्यांना हेच सूत्र लागू पडेल असं मी म्हणत नाही, काही ग्रुप सगळं समान वाटतात आणि सुखाने राहतात. ठरलेलं लेखी असावं आणि चौघांनाही ते तोंडपाठ सांगता यावं, इतकं मात्र मी आग्रहाने सांगते. नफा वाटायच्या आधी दोन-तीन महिन्यांचा खर्च निघेल इतकी गंगाजळी हळूहळू साठवायचंही ठरलं, त्यावर वाद झाला, पण ठरलं.

आता स्टाफ. १९५९ मध्ये फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंट्सच्या मुलाखतींवरून एक मांडणी केली, की पगार, नियम, वरिष्ठांची वागणूक, कामाची परिस्थिती या गोष्टी बिघडल्या की माणूस नाराज होतो, पण त्या नीट असल्या म्हणून लगेच उत्साहाने कामाला लागतो असं नाही, उत्साह येतो तो काम तडीस गेल्याच्या समाधानातून, दखल घेतली जाण्यातून, जबाबदारी मिळण्यातून. या मांडणीवर पुढे टीकाही झाली, पण क्लिनिकमध्ये मला ती रोज दिसते. आणि १९६३ मध्ये जे. स्टेसी अ‍ॅडम्स यांनी मांडलं की माणूस आपण किती घालतो आणि किती मिळतं याची तुलना सतत शेजारच्याशी करत असतो. इथे तेच झालेलं. पगार दोन महिने उशिरा झाले आणि त्याच काळात नवीन मशीन आलं. डॉक्टरांच्या दृष्टीने दोन्हींचा संबंध नव्हता, मशीन कर्जावर होतं. स्टाफला कुणी सांगितलंच नाही, त्यांनी त्यांचा अर्थ लावला.

म्हणून पहिला नियम झाला की स्टाफचे पगार ठरलेल्या तारखेला होतील आणि पार्टनर्सची उचल त्यानंतरच. दुसरं, दोन जणींचा पगार खरोखरच बाहेरच्या मानाने कमी होता, तो बोनसबिनसच्या भानगडीत न पडता सरळ वाढवला. पगारच कमी असेल तर कौतुकाचे शब्द माणसाला टोचतात, हे पगार देणाऱ्यांनी लक्षात ठेवावं असं मला फार वाटतं. मग सूचना देण्यासाठी एकच माणूस नेमला, सगळ्यात अनुभवी सिस्टर. डॉक्टरांनी काही हवं असेल तर त्यांना सांगायचं, इंटरकॉमवरून ओरडायचं नाही. सुरुवातीला दोन डॉक्टरांना हे जडच गेलं. बिल माफ करायचं असेल तर डॉक्टरने स्वतःच्या हाताने चिठ्ठीवर रक्कम आणि सही करायची, आणि ती रक्कम त्या डॉक्टरच्या खात्यात दिसणार. माफी बंद केली नाही हं, गरज असलेल्या पेशंटला सूट मिळायलाच हवी, पण ती कुणी दिली ते दिसायला लागलं.

त्या परत आलेल्या क्लेम्सचं काम रिसेप्शनवरच्या ताईनेच मागून घेतलं. तिला रोज दुपारी एक तास काउंटरवरून मोकळं केलं आणि डॉक्टरांकडून सही अडली तर थेट मागायचा अधिकार दिला. हा अधिकार फार महत्त्वाचा, नुसती जबाबदारी दिली आणि अधिकार दिला नाही तर माणूस आणखीच खचतो. काही महिन्यांत थकबाकीचे दिवस कमी झाले, आणि आठवड्याच्या छोट्या मीटिंगमध्ये तो आकडा ती स्वतः वाचून दाखवायला लागली. माझ्यासमोर वाचला त्या दिवशी तिने आधी दोनदा कॅल्क्युलेटरवर तपासून बघितलेला.

बोनसचं विचारणाऱ्यांना सांगते, द्या, पण त्यांच्या हातात असलेल्या गोष्टीसाठी, सगळ्या टीमला मिळून, आणि कसा मोजणार ते आधी सांगून. किती तपासण्या झाल्या, किती प्रोसिजर झाल्या याला स्टाफचा बोनस कधीही जोडू नका. मग पेशंटला नको त्या गोष्टी सुचवल्या जातात, आणि चांगल्या सिस्टरला ते बघवत नाही, ती आधी सोडून जाते.

सगळं छान झालं असं नाही. एक सिस्टर एवढं करूनही सोडून गेली, तिला घराजवळ काम हवं होतं. जास्त कमावणारे डॉक्टर अजून मधूनमधून कुरकुरतात. मॅडमची झोप सुधारलीय, औषध हळूहळू बंद करायचं त्यांच्या डॉक्टरांशी चाललंय. आणि सरांना आता आठवड्यातले तीनच दिवस यायचंय, तर त्यांच्या वाट्याचा ठरलेला खर्च कुणी उचलायचा यावर चौघं बोलतायत. या वेळी ते बोलणं सर काम कमी करायच्या आधी चाललंय, आणि मीटिंगची तारीख सरांनीच ठरवलीय.