कोरोनानंतर बालीचं पर्यटन खरंच सावरलं का?

पर्यटनावर जगणारे आशियातले प्रदेश महामारीनंतर कसे उभे राहिले आणि त्यातून काय शिकावं, असं तुम्ही विचारलंय. मी पुण्याहून लहान गट बालीला नेते, म्हणून बालीबद्दलच सांगते. माझं मत स्पष्ट आहे: तिथे पर्यटक परतले, पण सगळा भार एकाच धंद्यावर असण्याचा धोका तसाच राहिला.

२०१९ मध्ये बालीत सुमारे ६३ लाख परदेशी पर्यटक आले होते. २०२१ च्या अख्ख्या वर्षात सरकारी नोंद होती फक्त ५१ जणांची. २०२० मध्ये इंडोनेशियाची अर्थव्यवस्था साधारण २ टक्क्यांनी घटली, एकट्या बालीची ९ टक्क्यांहून जास्त. कारण उघड आहे. तिथे हॉटेलवाला, ड्रायव्हर, मसाज करणारी बाई, भाजी पिकवणारा आणि लाकूड कोरणारा, सगळ्यांचा पैसा शेवटी पाहुण्याच्याच खिशातून येतो.

त्या काळात लोकांना कशाने तारलं, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. बालीशेजारच्या नुसा लेंबोंगान बेटावर पूर्वी समुद्रशेवाळाची शेती होती. आइस्क्रीम, टूथपेस्ट यांना दाटपणा आणणारा पदार्थ त्यातून काढतात. पर्यटन वाढलं तसं लोकांनी हे काम सोडलं होतं. बोटी रिकाम्या पडल्यावर तेच लोक पुन्हा उथळ पाण्यात दोऱ्या बांधायला उतरले. हे जमलं, कारण कसब अजून घराघरांत होतं आणि किनारा पूर्ण बांधला गेला नव्हता. ज्याने वडिलोपार्जित भातखाचर व्हिलासाठी देऊन टाकलं होतं, त्याला परत जायला जागा कुठे होती?

बाली पुन्हा खुलं करतानाही बरीच ओढाताण झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये भारतासह १९ देशांसाठी दारं उघडल्याचं जाहीर झालं, पण हॉटेलात सक्तीचं विलगीकरण होतं आणि परदेशातून थेट विमानच नव्हतं. येणार कोण? थेट विमान फेब्रुवारी २०२२ मध्ये आलं, विलगीकरण मार्चमध्ये उठलं आणि मग खरी वर्दळ सुरू झाली. थायलंडने फुकेतला १ जुलै २०२१ पासूनच लस घेतलेल्यांना विलगीकरणाशिवाय येऊ दिलं. त्याआधी बेटावरच्या लोकांच्या लसीकरणावर जोर दिला होता. नियम, विमानं आणि स्थानिकांची सुरक्षितता यांचा मेळ आधी घालावा लागतो.

२०२४ मध्ये बालीचा आकडा पुन्हा ६३ लाखांच्या घरात गेला. त्यात आपल्या देशातले पर्यटकही भरपूर. आनंद आहेच, माझंही पोट त्यावर आहे. पण बालीच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या चांगू गावाकडे जाताना खाचरांच्या जागी व्हिला आणि कॅफे दिसतात आणि जीव तुटतो. बालीतली ‘सुबाक’ ही पाणीवाटपाची पद्धत शेकडो वर्षांची आहे. जलमंदिरांभोवती शेतकऱ्यांनी मिळून चालवलेली. २०१२ मध्ये तिला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. वरच्या खाचरातलं पाणी खालच्या खाचराला मिळतं, त्यामुळे मधलं एक विकलं गेलं की पुढच्यांचं पाणी अडतं. एकाच्या विक्रीची किंमत सगळे मोजतात.

फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक परदेशी पर्यटकाकडून दीड लाख रुपिया, म्हणजे आपले आठशेच्या आसपास रुपये, घेतले जातात. संस्कृती आणि पर्यावरण जपण्यासाठी. सगळेच भरत नाहीत. माझ्या गटातल्या प्रत्येकाकडून मी निघण्यापूर्वीच भरून घेते आणि शक्य तिथे गावातल्या कुटुंबाच्या गेस्टहाऊसमध्ये उतरवते, म्हणजे खोलीचं भाडं तरी गावात राहतं.

तुम्ही यावर अभ्यास करणार असाल, तर किती पर्यटक आले एवढ्यावर थांबू नका. हॉटेल कोणाच्या मालकीचं, पाणी कुठून येतं आणि शेतजमीन किती उरली, हे तीन आकडे शोधा. कोकण-गोव्यासाठीही आधी हेच विचारा.