त्या सहा ओळींच्या आधी ती वेबसाइट बंद करा

पत्र (थोडं कमी करून देतेय): "मुलगा १७ वर्षांचा आहे, बारावीला ८४ टक्के, इंजिनिअरिंगची एंट्रन्स दिलीय, मार्क बरे येतील. पंधरा वर्षांचा असताना त्याने एका प्रश्नोत्तरांच्या साइटवर स्वतःच्या पूर्ण नावाने क्लासच्या सरांबद्दल अतिशय वाईट भाषेत सहा ओळी लिहिल्या. आज त्याचं नाव सर्च केलं की ते चौथ्या नंबरला येतं, आणखी एका साइटने ते कॉपी करून टाकलंय. मी त्याच्या नावाने वेबसाइट आणि तीन ब्लॉग काढलेत, एआयकडून लेख लिहून घेऊन टाकतो, तरी तो रिझल्ट खाली जात नाही. एक एजन्सी ३० दिवसांत पहिलं पान क्लीन करून देते म्हणतेय. हार्वर्डने मुलांचे प्रवेश रद्द केल्याचं वाचल्यापासून मला झोप नाही. जिथे कॉलेज किंवा कंपनी नाव सर्च करत नाही अशी ब्रांच सुचवा. मुलगा या विषयावर बोलतच नाही. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ओपनस्ट्रीटमॅप नावाच्या साइटवर रस्ते काढत बसतो, साडेचार हजार एडिट झाले म्हणतो. त्याचा काय उपयोग?"

नमस्कार. तुम्ही पाठवलेल्या दोन्ही लिंक उघडून बघितल्या. आधी त्या सहा ओळी वाचल्या. भाषा वाईट आहे, त्यात दुमत नाही. पण त्या वाचून मला जितकी काळजी वाटली त्याच्या कितीतरी पट तुम्ही काढलेली वेबसाइट वाचून वाटली.

पहिल्या पानावर मुलाचा ब्लेझरमधला फोटो, खाली "युवा संशोधक, लेखक, प्रेरणादायी वक्ता", आणि त्याखाली पाण्याच्या शुद्धीकरणातल्या नॅनोकणांवर एक लांबलचक लेख, लेखक म्हणून त्याचं नाव. यातलं त्याने काय केलंय हो? पत्रात तुम्हीच लिहिलंय की लेख एआयकडून घेता, तो बोलत नाही, म्हणजे बहुतेक त्याने ते वाचलेलेही नाहीत. मागे एका मुलीचा मॉक इंटरव्ह्यू घेत होते, तिच्या नावावर असाच एक लेख होता आणि मी सहज त्यातला एक शब्द घेऊन विचारलं की हे जरा समजावून सांग. ती माझ्याकडे बघतच राहिली, मग मान खाली घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, "ते बाबांनी टाकलंय." त्या मुलीला विषयातलं खरंच खूप येत होतं पण पुढची वीस मिनिटं तिच्या तोंडून धड वाक्य निघालं नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीत हे व्हायला नको म्हणून एवढं स्पष्ट लिहितेय. पंधराव्या वर्षी रागात काहीतरी लिहिलं, चुकलं, असं सांगणारा मुलगा कुठल्याही पॅनलला समजतो, पण सतराव्या वर्षी न केलेलं संशोधन नावावर लावणाऱ्या मुलाला समजून घ्यायला कोणी बसत नाही, आणि ते वडिलांनी केलंय हे तो तिथे सांगणार कसा?

आता हार्वर्ड, कारण झोप त्याने उडवलीय. २०१७ ची गोष्ट आहे, निदान दहा जणांचे प्रवेश रद्द झाले हे खरं. पण कशासाठी ते बघा. प्रवेश मिळालेल्या मुलांनी फेसबुकवर खाजगी ग्रुप केला होता आणि त्यात लैंगिक अत्याचार, ज्यूंचा संहार, लहान मुलांचे मृत्यू यावर मीम टाकत होते, तेही लहानपणी नाही तर प्रवेशाच्याच सुमारास. त्यांची नावं सर्च करून हे कोणाला सापडलेलं नव्हतं, खाजगी ग्रुपमधून बाहेर आलं. म्हणजे त्या मुलांच्या वडिलांनी गूगलचं पहिलं पान घासूनपुसून लख्ख केलं असतं तरी काहीएक फरक पडला नसता. तुमच्या मुलाचं प्रकरण आणि ते एका तागडीत घालू नका.

एक गैरसमज मात्र नीट काढायलाच हवा, कारण एजन्सीवाल्यांचा धंदा त्याच्यावरच चालतो. गूगलवरून काढलं की इंटरनेटवरून गेलं, आणि पैसे दिले की गूगल काढतं, असं बऱ्याच पालकांच्या डोक्यात असतं. गूगल दुसऱ्याच्या पानाकडे फक्त बोट दाखवतं, पान त्या साइटचं असतं आणि तिच्याच सर्व्हरवर राहतं. २०१४ च्या मे महिन्यात युरोपियन युनियनच्या कोर्टाने जो विसरलं जाण्याच्या हक्काचा निकाल दिला त्यातही हेच होतं. स्पेनमधल्या एका माणसाचं नाव टाकलं की कर्जवसुलीसाठी त्याच्या घराच्या लिलावाची १९९८ मधली वर्तमानपत्रातली नोटीस वर यायची, कोर्टाने गूगलला नावाच्या सर्चमधून ती लिंक काढायला लावली, पण वर्तमानपत्राच्या साइटवरचं पान तसंच राहिलं. तो हक्कही युरोपच्या कायद्यातला, जगभर लागू होत नाही. बाकी ठिकाणी गूगल स्वतःच्या नियमांनी ठराविक गोष्टी काढतं, म्हणजे घरचा पत्ता, फोन नंबर, बँकेचे तपशील, संमतीशिवाय टाकलेले अश्लील फोटो, आणि २०२१ पासून १८ वर्षांखालच्या मुलांचे फोटो, ज्यासाठी मुलगा स्वतः किंवा पालक अर्ज करू शकतात. मुलाने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या नावाने लिहिलेला मजकूर यातल्या कशातच बसत नाही. यातलं जे मिळतं ते सगळं फुकट आहे. गूगलला जाहिरातीचे पैसे देऊन नेहमीचे रिझल्ट वर-खाली करता येत नाहीत, मग एजन्सी ३० दिवसांची हमी कशाच्या जोरावर देते ते त्यांना विचारा. बहुतेक वेळा ते तुम्ही केलंय तेच करतात, फक्त तीन ब्लॉगच्या जागी तीस, आणि रँकिंगसाठी ढिगाने पाडलेला असला मजकूर आता गूगलच्या नियमांत थेट स्पॅम धरला जातो. त्यांना एक रुपयासुद्धा देऊ नका.

आणि वकिलाची नोटीस वगैरे मनात असेल तर तेही डोक्यातून काढा. २००३ मध्ये गायिका बार्ब्रा स्ट्रायसँड यांनी आपल्या घराचा हवाई फोटो काढून टाकावा म्हणून फोटोग्राफरवर ५ कोटी डॉलरचा दावा लावला. किनाऱ्याची झीज नोंदवण्यासाठी काढलेल्या हजारो फोटोंमधला तो एक, दावा लागण्याआधी फक्त सहा वेळा डाउनलोड झाला होता आणि त्यातले दोन त्यांच्याच वकिलांचे. दाव्याची बातमी आल्यावर महिनाभरात चार लाखांवर लोक ती साइट बघून गेले. तुमच्या मुलाच्या सहा ओळी आज कोण वाचतंय? तुम्ही रोज रात्री वाचताय, बाकी फार तर दोन-चार जण.

मग त्या ओळींचं काय करायचं? मला या पत्रात सगळ्यात जास्त हेच लागलं. दोन वर्षं झाली, वेबसाइट झाली, ब्लॉग झाले, एजन्सीचं कोटेशन आलं, आणि त्या ओळी अजून तिथेच का आहेत, कारण त्या साइटवर लॉगिन करून त्या डिलीट करू शकणारा माणूस एकच आहे आणि त्याच्याशी तुमचं बोलणं नाही. दोन मिनिटांचं काम आहे. पासवर्ड विसरला असेल तर जुन्या मेलवर रीसेट लिंक येते, तो मेल आयडीही गेला असेल तर साइटच्या हेल्पला लिहायचं, थोडा वेळ लागेल पण बहुतेक होतं. मूळ मजकूर गेला की कॉपी करणाऱ्या साइटला साध्या भाषेत मेल, की मी हे १५ वर्षांचा असताना लिहिलं होतं, मूळ काढलंय, तुम्हीही काढलंत तर बरं होईल. धमकी नको, कायद्याची कलमं नकोत. ते काढायचे पैसे मागायला लागले तर देऊ नका, कारण पैसे घेऊन मजकूर काढणाऱ्या साइटबद्दल गूगलकडे वेगळी तक्रार करता येते. आणि पान गेल्यावरही रिझल्टमध्ये जुनं दिसत राहिलं तर गूगलचं जुना मजकूर रिफ्रेश करायचं टूल आहे, त्यात लिंक टाकायची. ते पान खरंच बदललं किंवा गेलं असेल तरच चालतं, म्हणून आधी डिलीट आणि मग हे. हे सगळं त्याने करायचंय. तुम्ही त्याच्या नावाने मेल लिहू नका, प्लीज.

आणि एक माणूस आपण सगळेच विसरतोय. ते सर. तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात त्यांचा उल्लेख एकदाच आलाय, तोही मुलाने काय लिहिलं ते सांगताना. त्या ओळी त्यांनी वाचल्या असतील का, त्यांच्या घरच्यांनी वाचल्या असतील का, आणि मुळात तो एवढा का चिडला होता, त्या क्लासमध्ये नक्की काय झालं होतं, हे तुम्ही त्याला कधी विचारलंत? मला तुमच्या पत्रात ते सापडलं नाही. गप्प बसणाऱ्या मुलाला दोन वर्षं फक्त "तू हे काय करून ठेवलंस" एवढंच ऐकू येत असेल तर तो बोलणार तरी कशाला. त्याला सरांना फोन करून सॉरी म्हणावंसं वाटलं तर म्हणू दे, नाही वाटलं तर जबरदस्ती नको, पण त्याचं आधी ऐकून घ्या.

ब्रांचबद्दल. नाव सर्च होत नाही अशी ब्रांच नसते, त्या निकषावर करिअर निवडूच नका, लपायला म्हणून घेतलेलं शिक्षण मुलाला चार वर्षं टोचत राहतं. मार्क पुरेसे आहेत, एंट्रन्सचा निकाल आला की कम्प्युटर, सिव्हिल जे बसेल ते बघा, त्यावर मी जास्त लिहीत नाही.

कारण जास्त लिहायचंय ते नकाशावर, जे तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी तक्रार म्हणून लिहिलंय. ओपनस्ट्रीटमॅप २००४ मध्ये सुरू झाला, जगभरातले लोक आपणहून रस्ते, पायवाटा, इमारती, पाण्याच्या जागा त्यात भरतात आणि तो नकाशा कोणालाही फुकट वापरता येतो. जानेवारी २०१० मध्ये हैतीला भूकंप झाला तेव्हा राजधानीचा धड डिजिटल नकाशा नव्हता, कुठल्या कुठल्या देशांत बसलेल्या शेकडो लोकांनी उपग्रहाचे फोटो बघत काही दिवसांत तो भरून काढला आणि बचावपथकांनी तोच वापरला. ते लोक तुमच्या मुलासारखेच रात्री बसून रेघा काढणारे होते. साडेचार हजार एडिट म्हणजे गंमत नाही. तिथे प्रत्येक बदल तारखेसकट नोंदला जातो, काय बदललं आणि का याची टीप असते, चुकलं तर दुसरे येऊन दुरुस्त करतात, वाद घालतात. म्हणजे दोन वर्षं हा मुलगा अनोळखी लोकांशी लेखी, सभ्य भाषेत, चुका मान्य करत काम करतोय असणार, नाहीतर इतकी मजल गेलीच नसती. तुम्ही त्याच्या नावाने जे शोधत होतात ते त्याच्याकडे आहे, फक्त टोपणनावाखाली आहे म्हणून तुमच्या सर्चमध्ये येत नाही.

जिओइन्फर्मॅटिक्स, रिमोट सेन्सिंग, जिओमॅटिक्स, म्हणजे उपग्रहाचे फोटो, मोजणी आणि कम्प्युटर वापरून नकाशे आणि जमिनीची माहिती तयार करायचे विषय, ही नावं त्याने ऐकली असतील, तुम्ही ऐका. शेती, विमा, पाणीपुरवठा, शहर नियोजन, आपत्ती व्यवस्थापन, गाड्यांचं नेव्हिगेशन, सगळीकडे ही माणसं लागतात. कम्प्युटर किंवा सिव्हिल करून पुढे तिकडे वळता येतं, किंवा भूगोल-भूशास्त्राच्या बाजूनेही जाता येतं, पण त्याला त्यातलं नक्की काय आवडतं, कोड की नकाशा की प्रत्यक्ष फिरून मोजणं, ते तोच सांगू शकेल. त्याला माझ्याकडे पाठवा. एकट्याला पाठवा.

फक्त हे वाचून लगेच त्याचं टोपणनाव आणि खरं नाव जोडून वेबसाइटवर टाकू नका! नकाशात माणूस आधी आपल्या घराभोवतीच काम करतो, त्यामुळे एडिटचा इतिहास बघून तो राहतो कुठे, रोज कुठल्या रस्त्याने जातो हे कोणालाही कळू शकतं. जोडायचं की नाही ते त्याने ठरवायचं. अर्जात किंवा रेझ्युमेत एक ओळ पुरते, विचारलं तर स्क्रीनवर दाखवता येतं. सोळा पूर्ण आहेत म्हणजे लिंक्डइनवर प्रोफाइल काढता येईल, त्यात जे केलंय तेवढंच, त्याच्या शब्दांत, दोन ओळींचं असलं तरी चालेल. त्याने काढलेलं एखादं पान वर यायला काही महिने लागतील, लागू देत.

तुमच्यासाठी या आठवड्याचं काम एवढंच. तिन्ही ब्लॉग डिलीट करा. वेबसाइटवरचे सगळे लेख आणि ती बिरुदं काढा, मग डोमेनचा, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचा, लॉगिन त्याच्या हातात द्या, ठेवायचं की सोडून द्यायचं ते तो बघेल. जुन्या पानांची कॉपी वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था जुनी वेबपानं जिथे साठवून ठेवते तिथे, गेलेली असू शकते, दिसली तर साइटचे मालक म्हणून इंटरनेट आर्काइव्हला मेल करून ती काढायची विनंती करता येते, हा एक मेल मात्र तुम्हीच लिहा कारण ती पानं तुम्ही टाकलीत. रोज रात्री त्याचं नाव सर्च करणं थांबवा. आणि आज तो नकाशा उघडून बसेल तेव्हा शेजारी खुर्ची ओढून बसा, फोन बाहेर ठेवा, आणि तो आत्ता कुठला रस्ता काढतोय ते विचारा. सरांचा विषय त्या रात्री काढू नका.