वर्गातल्या जोडीदाराने माझं जर्मन तपासून काय फायदा?

तुमच्या बाई एकमेकांचे जर्मन निबंध तपासायला लावतात, आणि ज्याचं स्वतःचंच कच्चं आहे तो माझं काय तपासणार, असं तुम्ही विचारलंय. पहिल्या वर्षी मीही हेच म्हणायचे.

रत्नागिरीत कॉलेजला होते, तेव्हा दुसऱ्या वर्षी माझ्याकडे पावसहून एसटीने येणारी एक ज्युनिअर सोपवली होती. स्टँडवर गाडी लागेपर्यंत आम्ही बाकावर वही उघडून बसायचो. एकदा तिने लिहिलं, ‘इश गेहे इन देअर शूले’. मी ‘देअर’ खोडून ‘दी’ केलं. ती म्हणाली, “ताई, का पण?” आणि मला सांगता येईना! पाठ होतं, कळलेलं नव्हतं. घरी जाऊन व्याकरण काढलं तेव्हा उलगडलं. मराठीत ‘शाळेत जाते’ आणि ‘शाळेत आहे’, दोन्हीकडे ‘त’च. जर्मनमध्ये शाळेत जायचं तर ‘इन दी शूले’, शाळेत असाल तर ‘इन देअर शूले’. दुसऱ्या दिवशी तिला हे मराठीतूनच सांगितलं. तिच्याआधी मीच ते शिकले होते. उच्चाराचंही तसंच: ‘वेळ’साठीचा जर्मन शब्द ‘त्साइट’ तिला जमेना, तेव्हा ‘चाक’मधला च लाव म्हटलं, लगेच जमला.

पण एक धोका खरा आहे. दोघांची मातृभाषा एक, म्हणून काही चुका दोघांनाही दिसत नाहीत. ‘आज मी जाते’च्या चालीवर ‘होयटे इश गेहे’ लिहिलं की आपल्या कानाला ते बरोबरच वाटतं. हवं असतं ‘होयटे गेहे इश’, क्रियापद दुसऱ्या जागी. अशा वह्या अधूनमधून बाईंच्या नजरेखालून जायलाच हव्यात.

गुणांची भीती असेल तर हे सांगते. फाल्चिकोव्ह आणि गोल्डफिंच या संशोधकांनी २००० साली विद्यापीठांतले ४८ अभ्यास एकत्र तपासले; त्यांत मुलांनी एकमेकांना दिलेले गुण शिक्षकांच्या गुणांशी ताडून पाहिले होते. निकष मुलांना नीट समजलेले असतील आणि त्यांवरून एकूण लेखनाला एकच गुण द्यायचा असेल, तर मुलांचे गुण शिक्षकांच्या गुणांशी जास्त जुळतात. एकेका मुद्द्याला सुटे गुण दिले की कमी. म्हणून बाईंकडे आधी निकष मागा.

आणि जोडीदाराला सांगा, चूक दुरुस्त करू नकोस. नुसती रेघ मार, समासात ‘का?’ लिही. दुरुस्ती तुम्ही स्वतः करा, आणि कारण त्याला तोंडी सांगा.