कोर्सचा पहिला धडा बघू नका, पंचविसावा उघडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तुम्ही नाशिकला स्टाफ नर्स आहात, ड्युट्या फिरत्या म्हणून क्लास जमत नाही, जर्मनीला जायचंय त्यामुळे बी२ (ए१ ते सी२ या सहा भाषा-पातळ्यांमधली चौथी) लागणार, आणि पिम्सलर, असिमिल, डॉइचे वेले या जर्मन प्रसारणसंस्थेचं फुकटातलं निकोस वेग आणि क्लासवाले वापरतात ते नेट्झवेर्कचं पुस्तक या चारपैकी कुठलं घेऊ. २०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केल्यापासून हा प्रश्न सारखाच येतो, म्हणून एकदाचं सविस्तरच लिहितो, चहा घेऊन बसा.

कोर्स घ्यायच्या आधी सगळे जण काय करतात, तर फुकट सॅम्पल म्हणून पहिला धडा बघतात. पहिला धडा सगळ्यांचाच छान असतो हो! नमस्कार, माझं नाव अमुक, मी तमुक गावचा, त्यात वाईट करण्यासारखं काही नसतंच. तुम्ही मधला उघडा, विसावा, पंचविसावा, जिथे विभक्त्या सुरू झालेल्या असतात आणि बनवणाऱ्याचा सुरुवातीचा उत्साह ओसरलेला असतो. तिथे बघा की ऑडिओ अख्ख्या धड्याचा आहे का फक्त चार वाक्यांचा, जे ऐकू येतंय ते छापून दिलंय का, स्वाध्यायाची उत्तरं मागे आहेत का, आणि मुख्य म्हणजे त्या धड्यात तुम्हाला स्वतःला तोंड उघडून किंवा पेन घेऊन काही करावं लागतंय का नुसतं बघत बसायचंय. या परीक्षेत निम्मे कोर्स तिथेच गळतात.

आता तुमचे चार.

नेट्झवेर्क. पुस्तक चांगलं आहे, वादच नाही, आणि भारतीय आवृत्ती मिळते त्यामुळे परवडतंही, पुण्याला कोणी येणारं-जाणारं असेल तर अप्पा बळवंत चौकात विचारायला सांगा. पण ते क्लाससाठी लिहिलेलं पुस्तक आहे. मधलं कुठलंही पान उघडा, सूचनेसकट सगळं जर्मनमध्ये, आणि दर दोन स्वाध्यायांनंतर 'जोडीदाराशी बोला', 'गटात चर्चा करा', 'वर्गात सांगा'. नाइट करून आलेल्या माणसाने सकाळी नऊला कोणत्या गटात चर्चा करायची? एखादं चित्र देतात आणि त्यावरून नियम तुम्हीच ओळखा म्हणतात, तो ओळखलेला बरोबर का चूक हे सांगायला समोर शिक्षक असतो हे गृहीत धरलेलं असतं. बरेच लोक हेच पुस्तक 'क्लासवाले वापरतात म्हणजे चांगलं असणार' म्हणून घेतात आणि तिसऱ्या-चौथ्या धड्यावर अडकून स्वतःलाच ढ समजायला लागतात. एकट्याने शिकताना त्याची वर्कबुक सरावाला ठेवा, मुख्य कोर्स म्हणून नको.

पिम्सलर म्हणजे अर्ध्या तासाचे ऑडिओ धडे, एका लेव्हलला तीस. निवेदक इंग्रजीत सांगतो, 'तिला विचार की तिला काही प्यायचंय का', मध्ये थोडा थांबतो, तुम्ही जर्मनमध्ये बोलायचं, मग बरोबर उत्तर ऐकू येतं. शब्द विसरत येतो तेवढ्यात परत विचारायचा, या अंतरांच्या हिशोबावर सगळं बेतलेलं, पॉल पिम्सलरने १९६७ मध्ये ते मांडलं होतं. उच्चार आणि चटकन बोलायची सवय यासाठी मला तरी याच्या तोडीचं दुसरं काही माहीत नाही, बसमध्ये किंवा भाजी चिरताना होतं. पण शब्द फार थोडे, आणि ते फिरायला किंवा बिझनेस मीटिंगला गेलेल्या माणसाचे. लिहायला जवळपास काहीच नाही. महागही आहे. जोडीला हवा असेल तर पहिली लेव्हल करा, पुढच्या लेव्हल्सचे पैसे वाचवा.

असिमिल हा माझा आवडता, त्यामुळे थोडा पक्षपात धरून वाचा. १९२९ पासूनची फ्रेंच कंपनी आहे. पद्धत साधी, एका बाजूला जर्मन संवाद, समोरच्या पानावर इंग्रजी भाषांतर, खाली टिपा, शंभरेक धडे, रोज एक. पहिले पन्नासेक धडे फक्त ऐका, वाचा, समजून घ्या. मग खरी गंमत, रोज पुढचा धडा करताना मागे पहिल्यापासून एकेक धडा घ्यायचा, जर्मन बाजू झाकायची आणि भाषांतरावरून जर्मन म्हणायचं नि लिहायचं. लोक नेमकं हेच गाळतात आणि मग 'समजतं पण बोलता येत नाही' म्हणतात. तुम्ही पुस्तक घेतलं तर भाषांतराच्या बाजूला पेन्सिलने मराठी लिहा आणि मराठीवरूनच जर्मन करा.

मराठी का, तर असिमिल, पिम्सलरसारखे कोर्स आपल्याला इंग्रजीतूनच समजावतात, आपण मधल्या मध्ये इंग्रजीचा वळसा घेतो. थंडी वाजते याला जर्मन म्हणतात 'मिअर इस्ट काल्ट', मळमळतंय याला 'मिअर इस्ट यूबल'. इंग्रजीवाल्याला इथे 'मी' कुठे गेला हे समजवायला अर्धं पान खर्च होतं. आपण जन्मभर 'मला' थंडी वाजते, 'मला' मळमळतं असंच म्हणतो, पुढच्या पानावर जा. तीन लिंगांचंही तसंच, तो-ती-ते आपल्याकडे आहेच त्यामुळे कल्पना समजावून घ्यायची गरज नाही. मात्र कुठल्या वस्तूला कुठलं लिंग याचा मराठीशी काही संबंध नाही, तिथे चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी, त्यामुळे प्रत्येक नाम डेअर-डी-डास (नामाआधी येणारे, लिंग दाखवणारे शब्द) लावूनच पाठ करायचं. ही पोपटपंची टाळता येत नाही.

राहिलं निकोस वेग. फुकट आहे म्हणून कमी समजू नका. ए१, ए२ आणि बी१ अशा तीन पातळ्या, छोटे व्हिडिओ, निको नावाचा स्पॅनिश पोरगा विमानतळावर उतरतो आणि बॅग हरवून बसतो, तिथून गोष्ट सुरू. संवाद छापलेले मिळतात, स्वाध्याय जागच्या जागी तपासले जातात. उणीव एवढीच की टिकमार्क करत आणि गाळलेल्या जागा भरत माणूस पुढे सरकत राहतो, स्वतःचं असं वाक्य क्वचितच बनवतो. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येक व्हिडिओ संपला की तो बंद करून आत काय झालं ते पाच-सहा वाक्यांत वहीत लिहायचं. चुका होऊ देत.

तुम्ही यादीत न घेतलेलं एक सुचवतो, फाऊ-हा-एस लेर्नपोर्टल, जर्मनीतल्या लोकशिक्षण केंद्रांच्या संघटनेचं. तेही फुकट, ए१ पासून बी२ पर्यंत जातं, वरच्या पातळीवर नोकरीतली भाषा आहे आणि तुम्ही लिहिलेला मजकूर ट्यूटर तपासून देतात. फुकटात लेखन तपासून मिळणं म्हणजे लॉटरी समजा.

तर तुमच्यासाठी मी हे करीन: मुख्य कोर्स निकोस वेग, जोडीला असिमिल, ए२ संपत आलं की लेर्नपोर्टल. याखेरीज दुसरा कोर्स डाउनलोड करायचा नाही. डुओलिंगो चालू असेल तर असू दे, पण ते अभ्यासाच्या वेळात मोजू नका. जर्मन शिकवणाऱ्या आणि तिच्या परीक्षा घेणाऱ्या गोएथे इन्स्टिट्यूटच्या साइटवर ए१, ए२, बी१ च्या शब्दांच्या याद्या पीडीएफमध्ये फुकट आहेत, बी१ ची साधारण २४०० शब्दांची, त्यातले रोज थोडे अंकी या शब्दांची उजळणी करून घेणाऱ्या ॲपमध्ये टाकायचे (अँड्रॉइडवर फुकट आहे, आयफोनवर पैसे पडतात). नाइटच्या दिवशी नवीन धडा घेऊच नका, फक्त ऐकणं आणि अंकी. फिरत्या ड्युटीवाल्यांचं वेळापत्रक रोज एक तास असं आखलं की दुसऱ्याच आठवड्यात कोलमडतं, त्यापेक्षा ड्युटीप्रमाणे जड दिवस आणि हलके दिवस वाटून घ्या.

वेळेचा अंदाज हवा म्हणून सांगतो, गोएथेवाले बी२ च्या परीक्षेआधी ४५ मिनिटांच्या ६०० ते ८०० तासिका झालेल्या असाव्यात म्हणतात, आणि ते शिक्षकासमोर बसून. 'तीन महिन्यांत बी२' अशी जाहिरात दिसली की तासांचा भागाकार करून बघा.

आणि शेवटपर्यंत एकट्याने जमेल का, तर बी१ पर्यंत बहुतेक जमेल, बी२ ला बोलायला माणूस लागतोच. तिथे मांडणी करायची असते, समोरच्याशी वाद घालायचा असतो, आणि तुम्हाला तर वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकाला समजावून सांगायचंय. त्यामुळे कोर्सवरचे पैसे वाचवून ते बी१ नंतर आठवड्यातून एक-दोन तास ऑनलाइन शिक्षकावर घाला, तुमच्या ड्युटीप्रमाणे वेळ बदलून देणारा शिक्षक आधीच विचारून ठेवा.

जाता जाता, एजन्सी किंवा तिकडचं हॉस्पिटल गोएथेचं सर्टिफिकेट मागतंय, टेल्कचं का ओएसडीचं (या जर्मनच्या परीक्षा घेणाऱ्या दुसऱ्या दोन संस्था), हे आत्ताच लेखी विचारून घ्या. परीक्षांचे साचे वेगवेगळे आहेत, टेल्कची तर नर्सिंगसाठी वेगळी परीक्षाही आहे. गोएथेची बी१ आणि बी२ वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं अशी सुटी-सुटी देता येते, प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात, एखादा भाग राहिला तर तेवढाच परत. कुठली परीक्षा ते कळलं की इथेच लिहा, मॉडेल पेपर कसे सोडवायचे ते मग सांगतो.