मुलाच्या ईईजीवरून आकडी नेमकी कुठून सुरू होते हे जास्त अचूक कसं कळेल?

मी ठाण्यात ईईजी (डोक्यावर इलेक्ट्रोड लावून मेंदूतल्या विजेची नोंद) काढायचंच काम करतो, म्हणून लिहितोय. तुमच्या ५ वर्षांच्या मुलाच्या रिपोर्टमध्ये 'सोर्स स्पष्ट नाही' (म्हणजे आकडीची सुरुवातीची जागा कळली नाही) आलंय, त्यात मशीन खराब वगैरे काही नाही. डोक्यावरच्या सिग्नलवरून आतली जागा काढणं म्हणजे गणितच असं की उत्तरं अनेक निघतात, जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८५३ मध्येच दाखवून दिलंय.

मुलांमध्ये खरी गोची कवटीची. ती पातळ असते आणि मोठ्यांपेक्षा करंट जास्त आरपार जाऊ देते, तान्ह्यांची तर टाळूही भरलेली नसते, आणि जागा शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या माणसाच्या डोक्याचं तयार मॉडेल टाकलं की जागा सरकलीच म्हणून समजा! त्यामुळे मुलाच्या स्वतःच्या एमआरआयवरून हेड मॉडेल (कॉम्प्युटरमधलं त्याच्या डोक्याचं मॉडेल) बनवायला सांगा, ते जमत नसेल तर निदान त्याच्या वयाचं टेम्प्लेट, म्हणजे तयार मॉडेल तरी. दुसरं म्हणजे इलेक्ट्रोड, नेहमीच्या १९-२१ मध्ये भागत नाही, ६४ च्या वर असले तर बरं, आणि गालाजवळ, कानाखाली पण हवेत कारण टेम्पोरल लोबचा (कानाजवळच्या मेंदूच्या भागाचा) खालचा भाग नाहीतर सुटतो. प्रत्येक इलेक्ट्रोड नक्की कुठे बसला ते थ्रीडी मोजून घेतलेलं उत्तम, लहान डोक्यावर थोडी चूकसुद्धा महागात पडते.

एमईजीला (मेंदूचं चुंबकीय क्षेत्र मोजणारी तपासणी) कवटीचा त्रास फारच कमी, पण ती मशीन मोजक्याच ठिकाणी आहेत.

आणि हो, झोपेतलं रेकॉर्डिंग असेल तर पोराला घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये गाडीत झोपू देऊ नका, इथे येऊन टक्क जागं बसतं मग!